क्रेसिडा, बाजूच्या सीटवरून

"हॅलो?"

बाळांनो, इथेच जरा थांबा आणि माझ्याबरोबर डोळ्यांपुढे आणा. सौदी अरेबियातलं कतीफ, समुद्राकाठचं गाव. रणरणती सकाळ. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सरितामावशी कणीक मळता मळता फोन घ्यायला उठल्या आहेत. त्या तिथल्या दवाखान्यात नर्स आहेत, आज त्यांना सुट्टी. पलीकडून बोलतेय त्यांची मैत्रीण रुकय्या, मूळची रत्नागिरीकडची; कादिरभाई तिचा नवरा, सहर तिची लेक. तिचं बोलणं आपल्याला ऐकू येणार नाही, ते तुम्ही ओळखायचं. आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा: काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या देशात बायकांना गाडी चालवता येत नव्हती, आणि तिथे चालवणारा डावीकडे बसतो, शेजारचा उजवीकडे. हं, आता ऐका.

"हो, हो, सरिताच… अगं ओरडू नकोस, येतंय ऐकू. हात कणकेचे आहेत, स्पीकरवर टाकलंय… काय झालं? कुठली गाडी बंद पडली?

आमची क्रेसिडा?

बरं बाई, तुमची. तुमचीच. विकून इतकी वर्षं झाली, तरी तोंडातून जात नाही ते.

कुठे आहेस?… मासळीबाजारात? म्हणजे आमच्या मागेच की… आणि सहर? तिलाही घेऊन आलीस या उन्हात?… डिकीत पापलेट? अगं, शिजतील तिथेच!

कादिरभाईंना लाव ना… हो, रास तनुराला ड्यूटीवर असले की कुठले उचलतात.

मला? मला काय कळतंय गं गाडीतलं? मी नुसती बाजूला बसायचे. चालवायचे ते हे. तू चालवतेस ना आता रोज? मग तुलाच जास्त कळायला हवं.

छे, रागावेन कशाला?… नाही गं… स्टेटस बघते ना मी तुझे. समुद्रापाशी क्रेसिडा, खजुराखाली क्रेसिडा, शाळेच्या फाटकात क्रेसिडा. आणि सीटला ते फिरोजी कव्हर! आमची क्रीम रंगाची मखमल होती, सुबोध झाला नि त्याला दवाखान्यातून घरी आणलं ना, तेव्हासुद्धा मी दुपटं अंथरून बसले होते, डाग पडू नये म्हणून. आणि तू फिरोजी!

माझी नवी? आहे की चांगली. पट्टा नाही लावला की टुंग. मागे घेतली की टुंग. बटण दाबलं की झाली सुरू. तिला कोणी लागतच नाही.

कोण बोलतंय मागे?… तशलीहवाला? जुन्या गाड्या भंगारात नेणारा?… तो काय म्हणतो, खलास?… आत्ताच उचलून नेतो म्हणतोय?… आणि कादिरभाई? तेही म्हणाले होते, पुन्हा अडली तर देऊन टाक?…

हं.

मग… द्या. जुनी झालीच होती… काही नाही, म्हटलं, तुलाही नको नि मलाही नको.

काही नाही गं! स्वतःशीच बोलले.

कोण रडतंय?… सहर?… दे बघू तिला.

हॅलो बेटा. हो, सरिताखाला… इंग्लिशमध्ये नको गं राणी, रडताना मराठीत बोलावं… हं… कोण म्हणतं मला गाडीचं सगळं माहीत आहे?… तुझी अम्मी?… असं म्हणते होय ती.

तू कुठे बसतेस गं गाडीत?… पुढे, उजवीकडे?… ती माझी जागा. काच खाली करताना अडली की काय करतेस?… तळहाताने दाबतेस? अगं! तुलाही सापडलं ते? आणि समोर एक गोल डाग आहे बघ… हो, तोच. तिथे माझा गणपती चिकटवलेला असायचा… नाही पुसलास? अम्मीने पुसू नाही दिला?

रुकय्याने?

थांब, फोनजवळ येते.

सहर, डोळे पूस. त्या माणसाला सांग, थांब म्हणावं. तू तुझ्या जागेवर बस. अम्मीला म्हणावं, ब्रेकवर पाय घट्ट ठेव आणि गियर एनवर आण. आता तुझा डावा हात गियरवर. तळहाताने दाब… आपल्याकडे, अलगद… आणि धरून ठेव. म्हण अम्मीला, आता फिरव किल्ली!

नाही झाली? घाई केलीस. आपल्याकडे दाब म्हटलं ना, खाली नाही. परत. सावकाश… आता.

हाच! हाच आवाज!

बघ, तापली की तिला दोन माणसं लागतात. दर वेळी मी धरायचे, हे किल्ली फिरवायचे. त्यांना विचारलं असतंस तरी सांगता आलं नसतं, त्यांचा हात फक्त किल्लीवर.

काय रुकय्या?… आधी का नाही सांगितलं?… मधे दुरुस्त करून घेतली होतीत ना तुम्ही, वाटलं गेली असेल खोड… आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर सगळीच तुझी झाली असती.

काय म्हणतेय सहर?… मी? नाही गं बाळा, एकदाही नाही चालवली. यांनी विकली आणि पुढच्याच उन्हाळ्यात बायकांना परवानगी मिळाली. माझं लायसन्स आलं तेव्हा ती तुमच्या दारात उभी होती.

आता इकडेतिकडे थांबू नका, घरी जा… पापलेट द्यायला? बरं, या. पण गाडी चालूच ठेव हं… हो, गॅलरीत येते.

दिसली… काय चमकवलीयस गं! डोळे दुखले माझे… हॉर्न नको, समोरचे झोपलेत… अगं, सहर काय करतेय? रुकय्या, तिने किल्ली फिरवली! बंद केली तिने!

तू का उतरतेस?… मागे? मागे कशाला बसतेस तू?… काय म्हणते सहर?… मी चालवायची?

अगं, हात कणकेचे आहेत… गाऊनवर आहे मी… लायसन्स आहे गं पर्समध्ये… आणि ती सीट पुढे सरकव आधी. पाय पुरायचे नाहीत माझे… आले. अबाया चढवते नि आले. यल्ला, चल, ठेव!"

फोन बंद झाला. खाली सहर तिच्या उजवीकडच्या जागेवर सरकून बसली. डावा तळहात तिने गियरवर ठेवला आणि जिन्याच्या दाराकडे बघत थांबली.