पगारी टाळी

माझा जन्म शहाडचा, कंपनीच्या चाळीतला. वडील साताऱ्याकडून आलेले, त्याच कंपनीत धाग्याच्या खात्यात कामाला, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे तो त्यांच्याकडूनच आलाय. दूधवाला दूध घालून गेला की आमचे अण्णा एक थेंब नखावर घेऊन दाराच्या उजेडात बघत बसायचे, ओघळला तर पाणी आहे, आणि नाय ओघळला तरी म्हणायचे, आज घाबरला वाटतं. अशा घरात वाढले मी. आता तुम्ही तो मोबाईल समोर ठेवलाय, लाल ठिपका दिसतोय म्हणजे रेकॉर्ड होतंय ना, होऊ दे, पण कापाकापी करू नका हां, कापाकापी काय असते ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे, का ते सांगते.

लग्न होऊन कळव्याला आले. आमचे हे प्लंबर, माणूस इतका साधा की नळ सोडून जगात आणखी कुठं गळती असते हे त्यांना माहितीच नाय. मुलगी एकच, मयुरी. ती पाचवीत असताना खालच्या मजल्यावरची सुनंदा म्हणाली, शैला, घोडबंदरला गाण्याच्या स्पर्धेचं शूटिंग असतं, टीव्हीवर दाखवतात ना ते, नुसतं बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या, रोज पण मिळतो आणि जेवण पण, येतेस का. मी म्हटलं यात काहीतरी भानगड असणार, नुसतं बसायचे पैसे कोण देतं, घरात बसतोय आपण इतकी वर्षं, कोणी दिले का. दोन आठवडे मी तिला टाळलं. मग एक दिवस बघून तर येऊ म्हणून गेले, ती बारा वर्षं जातच राहिले.

काय सांगू तुम्हाला, ते वेगळंच जग आहे. सकाळी नाक्यावर बस यायची, कल्याण-डोंबिवलीच्या बायका आधीच बसलेल्या असायच्या, आणि दारात पिंटूभाई, म्हणजे आम्हाला गोळा करून नेणारा माणूस. तो पहिली साडी बघायचा, पांढरी नको, काळी नको, बारीक रेघांची नको, पिशवीत दुसरी एक पाहिजे, कारण एका दिवसात दोन एपिसोड काढायचे आणि लोकांना वाटलं पाहिजे आठवडा गेला. आत गेलं की मोबाईल काढून घ्यायचे. एसी असा की बायका शालीखाली स्वेटर घालून बसायच्या आणि दिवे लागले की भराभर काढून मांडीखाली सारायच्या. आणि मेन गोष्ट ऐका, गाणारं पोर अजून मेकअपला बसलेलं असायचं आणि आमच्या टाळ्या आधी काढून घ्यायचे. कानाला यंत्र लावलेला एक मुलगा समोर उभा राहून सांगायचा, आता टाळ्या, आता उभं राहून टाळ्या, आता तोंडावर हात, आता डोळ्यांत पाणी. समोर कोणी नाय, रिकामं स्टेज, आणि आम्ही रडतोय.

टाळीला पण शिक्षण आहे. मांडीवर वाजवायची नाय, ती कॅमेऱ्यात येत नाय. हात हनुवटीजवळ आणायचे म्हणजे चेहरा आणि टाळी एका चौकटीत बसते, मान जराशी वाकडी, बांगड्या कमी, आवाज आला नाय तरी चालतो, टाळी दिसली पाहिजे. मी त्यात पटाईत झाले. पिंटूभाई म्हणायचा, ताई, तुमचा आईचा चेहरा आहे, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसायचं आणि रडायचं. मग मी रडायची. कशी रडायची विचाराल तर अण्णांचा शेवटच्या दिवशीचा डबा आठवायची, कंपनीतून त्यांना उचलून आणलं तेव्हा सोबत डबा आलेला, दोन चपात्या तशाच होत्या. पहिली काही वर्षं तो आठवला की घळाघळा पाणी यायचं. मग वापरून वापरून तो पण संपला, डबा आठवायचा, चपात्या दिसायच्या, डोळे कोरडे. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. आता खरोखर अण्णांची आठवण आली तरी मला रडू येत नाय.

घरी टीव्ही लागला की आमचे हे खरे खरे रडायचे. कोणाची आई धुणीभांडी करते, कोणाचा बाप नाय, हे पंचा डोळ्याला लावून बसलेले, आणि मी बाजूला भाजी निवडत, अहो तो हुंदका मंगळवारचा आहे, ती जज बाई दुसऱ्याच गाण्याला उठलेली, बघा तिच्या कानातलं बदललंय. मयुरी मध्ये बसून सगळं ऐकायची. मला तेव्हा वाटायचं पोरगी हुशार होतेय, कोणी फसवणार नाय हिला.

आता मयुरीचा गळा. तो कुठून आला देव जाणे, माझ्या घरात कोणी गाणारं नाय. डोंबिवलीला एक बाई शिकवायच्या, तिथं ती सात वर्षं जात होती. त्या बाईंनी कधी छान म्हटलं नाय, फक्त म्हणायच्या, परत म्हण. आणि मला विचारलं तर मी म्हणायची छान झालं. त्यावर मयुरी एकदा बोललेली, आई तू त्या टीव्हीतल्या पोरांना पण छानच म्हणतेस ना, रोज घेऊन. मी हसण्यावारी नेलं.

मग मागच्या सीझनला तिनं ऑडिशनचा फॉर्म भरला. ठाण्याला उन्हात रांग लावली, पहिली फेरी झाली, दुसरी झाली. आणि इथं मी ती चूक केली. पिंटूभाईला बाजूला घेऊन म्हटलं, माझी मुलगी आहे तिकडे, जरा बघा ना. तो म्हणाला, हो ना ताई, बघतो की. बस्स, एवढंच. चार दिवसांनी फोन आला, मयुरी चौदा जणांत. आमच्या ह्यांनी पेढे वाटले. मी पेढा तोंडात घातला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, ही गळ्यानं गेली की पिंटूभाईनं घातली? त्याचं एक तोंड आणि टीव्हीवाल्यांचे शंभर कान, काय माहीत. मयुरीला मी काही बोलले नाय.

मग ते शूटिंगवाले घरी आले, टीव्हीवर घर दाखवायचं असतं ना. फ्रीज हलवून चादर टाकली, ह्यांना म्हणाले शर्ट काढा, बनियनवर बसा, हातात पाना धरा. हे बिचारे तासभर पाना धरून बसले. वही घेतलेली एक मुलगी मला म्हणाली, आंटी आप क्या करती हैं. बारा वर्षं मी तिच्यासारख्यांच्या समोर तिसऱ्या रांगेत बसलेय, पण तिनं मला ओळखलं नाय, बसणाऱ्यांकडे बघतं कोण. खरं सांगितलं तर मुलीचं नाव कापतील अशी भीती वाटली मला. मी म्हटलं, घरीच असते. मयुरीनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

पहिले चार एपिसोड बरे गेले. मी आता आईच्या सोफ्यावर, समोर माझ्याच बायका, सुनंदा तिसऱ्या रांगेत माझ्या जागी. कोणी ओळख दाखवली नाय, तसंच ठरलेलं. पाचव्या आठवड्यात कोणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ सोडला. त्यात मी होते. एका सीझनला औरंगाबादच्या पोरासाठी रडतेय, एका सीझनला नागपूरच्या मुलीसाठी रडतेय, एकदा नुसतीच रडतेय, आणि शेवटी मयुरीची आई म्हणून रडतेय. मान तशीच वाकडी, हात तसेच हनुवटीजवळ. वर लिहिलेलं, ही आई खरी की भाड्याची?

अहो, दोन दिवसांत तो सगळ्या कळव्यात फिरला. ज्या वाण्याकडे वीस वर्षं सामान भरतेय तो माझ्याकडे बघून हसायला लागला. समोरच्या जोशीकाकू, ज्या मयुरीच्या बारशाला पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या, त्या जिन्यात थांबून हळूच विचारतात, शैलाताई, मयुरी तुमचीच ना हो? मी जन्मभर सगळ्यांवर संशय घेत आले, दूधवाल्यापासून जजपर्यंत, आणि आता सगळे मिळून माझ्यावर. पण माझं सोडा. लोक मोबाईलवर लिहीत होते ते मयुरीबद्दल, की ही सेटिंगवाली आहे, हिला आधीच घेतलेलं, हिचं गाणं पण हिचं नसेल.

त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. आई, तू कोणाला बोललेलीस का माझ्यासाठी? मी म्हटलं, नाय गं, मी कशाला. ती उठून गेली. मला काय झोप लागली नाय. सकाळी चहा ठेवला आणि तिला म्हटलं, बोललेले, पिंटूभाईला, एकदाच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, मग मी कशी गाते ते मला आता कोण सांगणार? बाई सांगत नायत, जज लिहून दिलेलं वाचतात, आणि तू... एवढं म्हणून ती आत गेली. चहा तसाच राहिला, वर साय आली. तीन दिवस तिनं तंबोऱ्याच्या मशीनला हात लावला नाय. मला वाटलं हिचं गाणं मी खाल्लं. बाकी कोणी नाय, मी, तिच्या आईनं.

चौथ्या दिवशी शूटिंग होतं. गाडीत घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास आम्ही शेजारी बसून होतो, ती खिडकीबाहेर बघत होती. मी मोरपंखी साडी नेसलेले. ती स्टेजवर आली, चेहरा उतरलेला, आणि एक जुनं संथ गाणं घेतलं. पहिली ओळ जरा डळमळली. मी मनात म्हटलं, गेली. मग दुसऱ्या कडव्याला तिनं डोळे मिटले आणि एक सूर असा वर नेऊन ठेवला, ठेवला म्हणजे तिथंच धरला, हलू दिला नाय. आणि माझ्या अंगावर काटा आला हो. मी बारा वर्षं काटा आल्याचं नाटक करतेय, खरा कसा येतो ते विसरले होते. कानाला यंत्र लावलेला मुलगा मला खुणा करत होता, मॅम, क्लॅप, क्लॅप, डोळ्यांत पाणी. माझे हात उचलेनात. पदरात घट्ट धरून बसले. ते हात मी इतक्या जणांसाठी वाजवले होते की तिच्या या गाण्याला ते लावायची मला लाज वाटली. सगळा हॉल टाळ्या वाजवतोय, सुनंदा उभी राहून वाजवतेय, आणि तिची आई दगडासारखी बसलेली.

त्याच दिवशी मयुरी बाहेर पडली. मतं कमी पडली म्हणाले. कोणी मोजली, कुठं मोजली, विचारू नका, मला विचाराल तर त्या व्हिडिओच्या भीतीनंच काढली तिला. पण पुरावा काय माझ्याकडे.

आठवड्यानं तो एपिसोड लागला. आम्ही तिघं बघत बसलेलो. तो वरचा सूर आला आणि टीव्हीवर मी दिसले, मान वाकडी करून, हनुवटीजवळ हात आणून जोरजोरात टाळ्या वाजवतेय, डोळ्यांत पाणी. हे म्हणाले, बघ शैला, किती छान वाजवलीस. मयुरी म्हणाली, पप्पा, ही जांभळी साडी आहे, ही दुसऱ्या आठवड्याची आई आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, त्या दिवशी तू टाळी वाजवली नव्हतीस. मी डोळे उघडले तेव्हा पहिलं तुझ्याकडेच बघितलं. तू हात पदरात धरून बसलेलीस. तेव्हा मला कळलं की बरं झालं गाणं. आणि ती रडायला लागली, आणि काय सांगू तुम्हाला, अण्णांचा डबा न आठवता मी पण रडले. हे मध्ये बसून दोघींकडे बघतायत, म्हणतात, अगं पण ती तर बाहेर पडली ना?

पिंटूभाई नंतर नाक्यावर भेटलेला. मी त्याला स्पष्ट विचारलं. म्हणाला, ताई, खोटं कशाला बोलू, मी कोणाला काय बोललोच नाय, मला तिकडे विचारतं कोण, मी टाळ्या पुरवणारा माणूस. खरं बोलला असेल. किंवा मला बरं वाटावं म्हणून बोलला असेल. निम्मं खरं धरते मी. त्या बसमध्ये मात्र परत चढले नाय.

आता मयुरी डोंबिवलीला त्याच बाईंच्या क्लासात लहान मुलांना शिकवते, कार्यक्रम पण करते छोटे छोटे. देव तिचं भलं करो, आणि तुमचंही करो, एवढं ऐकत बसलात, फक्त मी म्हटलं तसंच लिहा, नंतर मला वाचून दाखवा, तेव्हा बघू. रोज सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात मशीन लावून बसते आणि मी ओट्याजवळ कणीक मळत असते. गाणं संपलं की ती काही विचारत नाय. आधी माझ्या हातांकडे बघते. मळता मळता ते थांबले असले, की पुढचं गाणं घेते.