लाल स्विच की निळे?

की-बोर्डच्या बटणांखालचे स्विच कुठले घ्यावेत, हे मला तरी विचारू नका. श्रीरामपुरात माझं अर्ज टाईप करून द्यायचं दुकान आहे. दिवसभर बडवून बोटं दुखायची, म्हणून महिनाभर व्हिडिओ बघितले आणि लाल स्विचवाला मेकॅनिकल की-बोर्ड घेतला. बटणं हलकी, आवाज जवळजवळ नाहीच, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की गेमलाही झकास.

पहिल्याच दिवशी बेलापूरच्या एक मावशी वारसनोंदीचा अर्ज करायला आल्या. मी टाईप करतोय, त्या माझ्या तोंडाकडं बघतायत.

"दादा, सुरू कर की आता."

"मावशी, झालंच."

"मग आवाज कसा न्हाई आला? आमाला कळत न्हाई म्हनून नुसती बोटं फिरवू नको. परत कर."

परत केलं! आठवडाभर हेच. शेवटी वैतागून खटाखट वाजणारे निळे स्विच बसवले. बोटं गेली खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. मी गेम लावला आणि जीव तोडून बटणं बडवली. हरल्यावर मान वर केली, तर समोर एक आजोबा मांडीवर पिशवी घेऊन गप बसलेले.

"बाबा, कधी आलात?"

"झाला अर्धा तास. तुमी कामात हुता."

मी ओशाळलो. त्यांचा अर्ज लगेच टाईप करून हातात दिला. आजोबांनी कागद उलटसुलट करून बघितला.

"मघाच्या मानसाचा अर्ज कसा दनादन हानत हुता," ते म्हणाले, "माझ्याच येळंला हात का आखडला?"