खांबावरचा डबा

कंपालाला जाणारी टॅक्सी भरायला अजून चार माणसं हवी होती. खिडकीशी बसलेली नाम्बी तोवर बाहेरचं बोलणं ऐकत होती. खांबाखाली निखाऱ्यावर केळी भाजणाऱ्या बाईपाशी पालिकेचा माणूस शिडी घेऊन आला होता.

"मावशी, वरच्या डब्याला ही पिशवी कुणी बांधली?"

"मीच, स्टुलावर चढून. तुमचा माणूस बजावून गेला होता ना, डब्याकडे लक्ष ठेवा म्हणून?"

"अहो, चोरीला जाऊ नये म्हणून!"

"मग धुळीपासून नको जपायला? रोज सकाळी पुसते आणि पिशवी घालते. लोकांची वस्तू, खराब झाली म्हणजे?"

"हवेत धूळ-धूर किती आहे, ते मोजायलाच तर लावलाय तो! चार महिने तुमचा नाका साऱ्या शहरात सगळ्यात स्वच्छ दिसतोय. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या."

"बघा! निगा राखली म्हणून."

"डांबर टाकायच्या यादीतून तुमचा रस्ता काढून टाकलाय, मावशी. इथं धूळच नाही म्हणे."

"अगंबाई!" तिला खोकल्याची ढास लागली. "मग काढा, काढा ती पिशवी."

"काढतो. हा खोकला कधीपासनं आहे?"

"डबा लागला, त्याच्या कितीतरी आधीपासनं."

"मग एखादं फडकं स्वतःच्या तोंडाला नाही बांधायचं?"

"घ्या, केळं खा गरम. मला सांभाळा म्हणून कुठं कोण सांगून गेलंय?"