आईंनी सांगितलेली कळसूबाई

परवा आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काय झालं, ऐका. सासरे गेल्यावर सुधीरनं आईंना गावाहून दिल्लीला आणलं. त्यांचं गाव कळसूबाईच्या पायथ्याशी. आम्ही नवरा-बायको दोघंही ऑफिसात, त्यामुळे स्वयंपाक, भांडी, सगळं हळूहळू आईंकडेच गेलं.

परवा आमच्या ईरानं त्यांना कुणाच्या तरी ट्रेकचा व्हिडिओ दाखवला. "आजी, हा तुझाच डोंगर ना? वर मंदिर कुणाचं आहे?"

आई भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "कळसू नावाची मुलगी होती. पाटलानं विचारलं, आमच्याकडे कामाला राहशील का? ती म्हणाली, राहीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस तिला तेच करायला लावलं. ती जी उठून डोंगरावर गेली, ती परत आलीच नाही."

"मग तिला कुणी सॉरी म्हटलं?"

"नवरात्रात सगळा मुलूख चढून जातो की तिच्याकडे!"

सुधीर लॅपटॉप मिटून उठला. "आई, सरक. भांडी आजपासून माझ्याकडे."

"घास की," आई म्हणाल्या. "पण कळसूला आधी विचारलं तरी होतं रे."

सुधीरनं नळ बंद केला आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसला. "आई, तुला कुठं राहायचंय?"

आईंनी पदराला हात पुसले.

"सांगते. आधी चहा टाक. सांगायला जरा वेळ लागेल."