मालक घोरत नाहीत

अहो, पण नाव लिहिलं होतं का मी कुणाचं? नाही ना? ‘एका गादीच्या दुकानात’, एवढंच! एवढ्यावरून कुणी नोकरीवरून काढायला निघतं? ...थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्या बाबांसारखे अर्धं ऐकून मान हलवाल.

तर कॉलेज सोडलं. का सोडलं ते विचारू नका, ते विचारायला घरात माणसं आहेत! मग हे गादीचं दुकान. आणि आमच्या मालकांची विक्रीची खास पद्धत आहे बरं का. दुपारी जेवले की दर्शनी काचेमागे मांडलेल्या सगळ्यात महागड्या गादीवर स्वतः आडवे होतात. येणारेजाणारे बघत राहतात. गिऱ्हाईक आत आलं की आम्ही ओठांवर बोट ठेवून म्हणायचं, “हळू बोला... मालक आहेत. गादी तपासतायत.” आणि तपासतात म्हणजे काय! गंजलेलं शटर ओढावं तसं खर्रर्र... काच थरथरते! मग मधेच सगळं बंद. गिऱ्हाईक घाबरून विचारतं, “गेले की काय?” आणि तेवढ्यात शिट्टी!

आता हे रोज बघायचं आणि गप्प बसायचं? मी ब्लॉग सुरू केला. लोक वाचायला लागले, एकमेकांना पाठवायला लागले, आणि फिरत फिरत तो कुणाच्या फोनवर पोचावा? मालकांच्याच!

म्हटलं, संपलं. तर मालक पोट धरधरून हसतायत! “अरे ये, ऐक! हा तर आमचा दादा! लहानपणापासून घोरतो तो! त्याच्याच दुकानातल्या कुणीतरी लिहिलंय!” दादाचं दुकान रस्त्यापलीकडे, तेही गाद्यांचंच, आणि दोघांत बोलणं बंद. शिवाय स्वतःचं घोरणं आजवर कुणी ऐकलंय? मालक येईल त्याला वाचून दाखवायला लागले. माझंच लिखाण, माझ्याच समोर, आणि मी धूळ झटकत, “हो का? कमाल आहे!” नाव लिहिलं होतं का मी? नाही! म्हणून तर सुखात चाललं होतं.

आणि मग आले आमचे बाबा.

बाबा शाळेत यायचे ना, तसेच माझ्या नोकरीवरही येतात. हात मागे बांधून. “काय, लक्ष देतंय ना आमचं पोरगं?” स्वतः उभा जन्म साहेबापुढे मान खाली घालून काढला, पण नजर माझ्या मानेवर! मालक म्हणाले, “बसा काका, एक गंमत ऐकवतो.” वाचलं. बाबा हसले, मग ताठ झाले, आणि ज्या तोंडानं मला जन्मभर दिवटा म्हटलं त्याच तोंडानं म्हणतात, “अहो, हे आमच्या चिरंजीवांनी लिहिलंय! याची आई मला रोज वाचून दाखवते!”

चिरंजीव! आयुष्यात पहिल्यांदा! आणि मुहूर्त बघा कुठला काढला! मी नाव लिहिलं नव्हतं हो, यांनी तोंडानं सांगितलं!

मालकांचा चेहरा उतरला. “म्हणजे तू... दादाकडेही कामाला जातोस?”

आता सांगा, काय बोलायचं? हो म्हटलं तर फितूर. नाही म्हटलं तर मग घोरतं कोण? मी कधी नव्हे ते खरं बोललो. “मालक... ते तुम्ही.”

“मी? मी घोरतो? निघ! आत्ताच्या आत्ता निघ! ...नाही, थांब. आधी बघ, मग निघ. काका, तुम्ही साक्षीला!” आणि झाले की आडवे! नुसते डोळे मिटणार होते बिचारे, पण अंगवळणी पडलेली गादी... बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवेपर्यंत खर्रर्र! काच थरथरली. मग सामसूम. मग शिट्टी, आणि त्या शिट्टीनंच मालक दचकून उठले.

“आला आवाज?”

मी म्हटलं, वाचलो! साक्षीदार आहे! बाबांनी माझ्याकडे बघितलं, मालकांकडे बघितलं... हे तेच बाबा बरं का, खोटं बोललो म्हणून पट्टी मोडेस्तोवर मारणारे! म्हणतात, “छे हो! मांजर तरी आवाज करेल. कार्ट्यानं मनचं लिहिलंय सगळं. डोकं आहे, पण वळण नाही. ठेवून घ्या, तुमच्या हाताखाली सुधारेल.”

घेतलं ठेवून! ब्लॉग बंद करायला लावला आणि वर काम वाढवून दिलं. आता दुपारी मालक झोपले की मी त्यांच्या उशाशी स्टूल टाकून बसतो आणि ते घोरत नाहीत, याच्यावर लक्ष ठेवतो.