एका पुठ्ठ्यात तीन पुस्तकं

…नाही, तसं नाही, चूक माझीच आहे. दुसऱ्या कुणाला विचारायला नको. द्या इकडे. हं, हेच ते. पाठीवर नाव कादंबरीचं, आणि आत — हो, दिसतंय मला आत काय आहे. म्हणजे दिसत नाही, तेच तर सांगतोय. डोळे गेले, ताई. वय झालं. तुम्ही उभ्या का, त्या स्टुलावर बसा, वरची रद्दी खाली ठेवा, रद्दीला काही होत नाही. तुम्ही वाचनालयात नवीन ना? आधीचे ग्रंथपाल कधी आत यायचे नाहीत. दारातूनच गठ्ठा सरकवायचे आणि म्हणायचे, मास्तर, आठवड्यानं येतो. मला मास्तर म्हणायचे, चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला. तुम्ही आत आलात, बरं वाटलं. कशासाठी आलात ते कळलंय, तरी बरं वाटलं. आमची ही शेजारी गेलीय, शिवणवाल्या बाईंकडे. येईल एवढ्यात. ती यायच्या आत आपण हे बोलून घेऊ. तिच्यासमोर हा विषय नको.

तक्रार कुणी केली? निवृत्त न्यायाधीशांनी? मग बरोबर आहे, त्यांची सवयच असेल. काय म्हणाले — खानावळवाल्या बाईची गोष्ट चालली होती, मध्येच एक इंजिनियर समुद्रात दीपगृह बांधायला लागला, आणि पान उलटलं तर राक्षस? रंगीत? हं. दचकले असतील बिचारे. त्यांच्या आधी कुणी नेलं होतं का? दोघांनी? आणि ते काही बोलले नाहीत? एकीनं काय केलं म्हणता — पूर्ण वाचलं आणि त्याच लेखकाचं दुसरं मागितलं? …थांबा, हसू द्या मला जरा. तुम्हीही हसताय की. हसा, हसण्यासारखंच आहे. त्याच लेखकाचं दुसरं. हे हिला सांगायला — नाही, हिला नाही सांगता यायचं. जाऊ दे.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. पुस्तक आलं की आधी त्याची पाठ सोलायची, जुना दोरा कापायचा आणि फर्मे सुटे करायचे. फर्मा म्हणजे ही घडी, बघा, सोळा पानांची. अशा घड्या एकावर एक शिवल्या की झालं पुस्तक. सुटे केले की ते हिच्याकडे जातात. ही तिथं खिडकीपाशी बसते, मांडीवर फळी घेऊन. फाटलेल्या पानाला पातळ कागद लावायचा, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, फर्मे क्रमानं रचायचे आणि माझ्याकडे सरकवायचे. मी शिवतो, पुठ्ठा चढवतो, वर नाव घालतो. लग्न झाल्यापासून असंच. आणि काम करता करता ही वाचते, मोठ्यानं. हातात जे पान असेल ते. तिला वाचनाची फार हौस. आमच्या घरात शिकलेली तीच, मी आपला आकडे ओळखणारा. पाटीवरची नावं वाचतो, पण पानभर अक्षरं समोर आली की धाप लागते. त्यामुळे माझं वाचन म्हणजे सगळं फाटक्या पानांचं — जिथं फाटलं तेवढंच कानावर पडणार. एखादी बाई रडत निघून जाते. का जाते, कुठं जाते, काही पत्ता नाही, कारण पुढची पानं चांगली आहेत. मी विचारायचो, पुढं काय झालं गं? ही म्हणायची, पुढं फाटलेलं नाही.

कादंबरी कुठं फाटते, ठाऊक आहे? शेवटाला. लोक चोरून आधी शेवट बघतात. चरित्र पहिल्या पन्नास पानांत मळतं, नंतर कोरं करकरीत. थोर माणूस लहान असतो, झाडावर चढतो, बापाचा मार खातो, तोवर सगळे त्याच्याबरोबर. एकदा का तो सभेत बोलायला लागला, की पुस्तक परत. आणि चित्रकथा सगळीकडून फाटते. ती दोघं-तिघं मिळून वाचतात ना — एकाला पान उलटायची घाई आणि दुसऱ्याचं अजून व्हायचंय. ही म्हणते, चित्रकथेचं पान रागानं फाटत नाही, ओढाओढीनं फाटतं, म्हणून ते चिकटवायला सोपं. काय असेल ते असेल. तिला कळतं.

तर ह्यात काय झालं, तीन पुस्तकं एकदम सुटी केली होती. खळ ताजी होती, म्हटलं तिन्ही उरकून टाकू. ती खानावळवाली, तो दीपगृहवाला आणि तो मुका राक्षस. आणि डोळे असे माझे. कागद सारखेच वाटले, आकडे दिसले नाहीत, शिवून टाकले. एवढंच. एकाला एक लागलं. उरलेले फर्मे सगळे आहेत, त्या खोक्यात, एक पान हरवलेलं नाही. आजच्या आज खोलतो आणि तिन्ही वेगळी करून देतो. फक्त चित्रकथेचं पान आकारानं मोठं होतं, ते खालून कापावं लागलं. वरून कापलं असतं तर राक्षसाचं डोकं गेलं असतं. म्हटलं डोकं राहू दे, पाय गेले तर गेले. आणि बोलण्याचे ते फुगे असतात ना, तेही वरच असतात, ते वाचले. तेवढे पाय मात्र नाही परत देता यायचे…

काय?

…हो. बरोबर आहे तुमचं. डोळे गेलेल्या माणसाला राक्षसाचं डोकं कसं दिसलं. आणि कड अशी सरळ कशी कापली गेली. आणि पाठीवरचं नाव — हो, ते मीच घातलंय, सोनेरी, एक अक्षर तिरकं नाही. तुमच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. आधीचे साहेब असते तर विचारलंही नसतं त्यांनी.

पाणी घेता? नको? बरं.

माझे डोळे चांगले आहेत, ताई. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवतो. हिचं… हिचं जरा होतंय. गेल्या वर्षापासून. आधी वाटलं, विसरते, विसरतात सगळेच. मग एकदा शिवणवाल्या बाई धावत आल्या — ही त्यांच्या दाराशी उभी, आमची किल्ली त्यांच्या कुलपात घालून फिरवतेय आणि कुलपावर चिडतेय. तेव्हापासून त्या बाई रोज दुपारी हिला बोलावून नेतात, बटणं लावायला बसवतात आणि पुन्हा दारापर्यंत आणून सोडतात. देवमाणूस आहेत. तर फर्म्यांचं असं झालं. एकदा एका पुस्तकात हिनं दुसऱ्याचा फर्मा लावला. मी आपलं सहज म्हणालो, अगं, हा ह्यातला नाही. रागावून नाही हो, साधं म्हणालो. ती आकडे बघत बसली. मग स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मग फळी मांडीवरून खाली ठेवली. आणि नंतर किती तरी दिवस ही कागदाला शिवली नाही. वाचणं बंद, बोलणं बंद, खिडकीकडे पाठ करून बसायची. मी घरात सुई ओढतोय आणि त्या दोऱ्याचा आवाज तेवढा ऐकू येतोय. असं घर मी कधी ऐकलं नव्हतं, ताई.

शेवटी मीच एक फाटकं पुस्तक तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं. म्हटलं, माझी बोटं दुखतात, एवढं बघशील का? हळूहळू लागली परत. तेव्हापासून मी काही म्हणत नाही. ती रचून देते, मी म्हणतो छान, आणि ती दुपारी शेजारी गेली की सगळे फर्मे पुन्हा लावतो. आकडे कळतात मला, तेवढं शिकलोय. तुमच्याकडे आजवर एकही पुस्तक चुकीचं आलं नव्हतं ना? आलं नव्हतं. बघा.

मग हे कसं आलं. हं. हे आलं, कारण ह्या वेळी तिनं तिन्ही मिसळले आणि ते रचून मला द्यायच्या आधी वाचायला घेतलं. फाटलेलं पान नाही — पहिल्यापासून. मी म्हटलं, वाचू दे. आणि ती वाचत गेली. दीपगृह आलं, मी सुई थांबवली. म्हटलं आता अडखळेल, आता तिला कळेल. नाही अडखळली. खानावळवाल्या बाईचा नवरा जहाजावर गेलेला, त्याचा ठावठिकाणा नाही, मध्येच तो बुडाल्याची बातमी येते — खरं तर ते कादंबरीचं शेवटचं पान, हिनं ते आधीच लावलेलं. आणि लगेच हा इंजिनियर लहानपणी पोहायला जातो, मार खातो, मोठा होतो आणि खडकावर दीपगृह बांधतो. ही मला म्हणते, बघितलंत, तिचा नवरा बुडाला ना, म्हणून ह्यानं दिवा बांधला. मी म्हटलं, असेल. आता तुम्हीच सांगा, त्यात खोटं काय आहे? कुणी तरी बुडालं म्हणूनच बांधतात ना दिवे? मग राक्षस. तो मुका, त्याला लोक घाबरतात, आणि तो वादळात समुद्रात उतरून एका माणसाला बाहेर काढतो आणि त्याच्या घराच्या पायरीवर ठेवून निघून जातो. चित्रं होती ती, अक्षरं थोडी. ही मला चित्र दाखवत गेली. शेवटच्या चित्रात दार उघडतं, दारात एक बाई उभी आहे. ह्या बाईचं तोंड दिसत नाही, पाठ दिसते. हिनं पानं मांडीवर ठेवली आणि म्हणाली, आला बघा शेवटी घरी. मला वाटलंच होतं.

एवढी वर्षं ह्या धंद्यात गेली, ताई, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत असं मी एकच पुस्तक ऐकलं. ते हे. आता ते खोलून नीट लावायचं, म्हणजे त्या माणसाला परत बुडवायचं. मला ते जमलं नाही. तीच म्हणाली, हे जरा जपून बांधा हं. मग बांधलं. जपून बांधलं. पाय कापले, डोकं ठेवलं. म्हटलं घरात राहील, तुम्हाला सांगीन हरवलं, भरून देईन. पण तुमचे शिपाई दारात आले गठ्ठा न्यायला, आणि हिनं स्वतःच्या हातानं हे वर ठेवलं. म्हणाली, वाचणारे वाट बघत असतील. तिच्यासमोर मी ते परत कसं उचलणार? तुम्ही सांगा. उचललं असतं तर तिनं विचारलं असतं, का?

तर असं आहे. मी तुम्हाला डोळ्यांचं सांगणार होतो आणि तेवढ्यावर ठेवणार होतो.

तुमची गाडी बाहेर आहे का? मग बाकीचा गठ्ठा घेऊन जा. तो तिकडे, भिंतीशी, वरचे बांधून झालेत, खालचे तसेच आहेत. तुम्ही त्यासाठीच आलात, मला कळत होतं. आता यंत्रावर बांधून घेणार, तिथं लवकर होतं, स्वच्छ होतं, मलाही मान्य आहे. मी वाद घालत नाही. फक्त एक मागू का? तुमच्याकडे बाद केलेली पुस्तकं असतील — कुणी नेत नाही अशी, वाळवी लागलेली, अर्धी गेलेली, रद्दीत जाणारी. ती आमच्याकडे पाठवाल? कादंबरी असू दे, चरित्र असू दे, चित्रांचं असू दे, काही असू दे. सगळं मिसळून पाठवा. मजुरी नको. ती परत तुमच्या कपाटात येणार नाहीत, कुणा न्यायाधीशाच्या हातात पडणार नाहीत, माझा शब्द. इथंच राहतील. तिला सकाळी फळी मांडीवर घ्यायला काही तरी लागतं हो. हात रिकामे राहिले की ती त्यांच्याकडे बघत बसते.

लगेच सांगू नका. विचारून सांगा वर कुणाला विचारायचं असेल तर. पण गठ्ठा उचलताना तिला…

आल्या त्या. बाहेर दोघींच्या चपला वाजतायत. उठू नका, बसल्या राहा, उठलात तर तिला वाटेल काही झालंय. ते पुस्तक झाका. नाही, राहू द्या, झाकू नका, हातातच धरा.

ये गं. ह्या वाचनालयातल्या ताई. नवीन आल्यात. हो, तेच, तू बांधायला सांगितलेलं. बघ, घेऊन आल्यात दाखवायला. लोकांना आवडलं म्हणतात. एका बाईनं तर त्याच लेखकाचं दुसरं मागितलं, विचार त्यांना. आणि भिंतीशी तो गठ्ठा आहे ना, तो नवीन आहे. आत्ताच आणलाय ताईंनी. बराच फाटलाय, तुझंच काम आहे.

बस तू खिडकीपाशी. चहा मी टाकतो. ताईंना नको, त्यांना घाई आहे. या ताई. दार ओढून घ्या जाताना, वाऱ्यानं पानं उडतात.