मेंढ्याची शिंगं

—ओरडू नकोस! हो, तुझ्याच भाषेत बोलतोय. मीही तुझ्याच च्यांग टोळीतला, डोंगरातला मेंढपाळ — पण हळू बोल. पाणी पी. बांधलेल्या हातांनी येतं पिता? येतं रे. मलाही आलं होतं, तीस वर्षांपूर्वी, ह्याच खांबापाशी.

काय बघतोस? ते भांडं ना? राजाच्या मेलेल्या आजोबाला राळ्याची दारू पाजायचं. वितळलेलं कासं दुसरे ओततात, पण हे तोंड — बटबटीत डोळे, खालचा जबडाच नाही — ते मातीच्या साच्यात मी कोरतो. शिंगं ओळखलीस? आपल्याच मेंढ्याची! ह्या मूर्खांना वाटतं, कुणी देव आहे. आता... नवं भांडं रक्त प्यायल्याशिवाय पूर्वजांपुढे जात नाही. सकाळी मोठ्या भांड्याला तुमच्यातले नऊ कापले, बघितलंसच. ह्याला एकटा तू पुरे.

रडतोस काय, ऐक! आम्हाला पकडून आणलं तेव्हा मुकादमानं प्रत्येकाच्या हातात मातीचा गोळा दिला होता. मी मेंढा केला, वाचलो. माझ्या भावाला काही जमलं नाही — कुऱ्हाड पडली तेव्हा मी शिंगांना आकार देत होतो. वर बघितलंच नाही. तर हा घे गोळा. दोर सैल केलाय. मुकादम यायच्या आत मेंढा कर, मी शब्द टाकतो. जागा आहे — माझ्या जोडीला साचे कोरणारा बान गेला ना. त्याच्या साच्याला डोळ्यापाशी चीर गेली, भांडं फुटकं निघालं, दोन्ही हात तोडले त्याचे. चार दिवस किंचाळत होता. आणि साचा त्याचा नव्हताच, माझा होता. मला हल्ली बारीक दिसत नाही, मग मीच म्हटलं, बाननं कोरलाय. काय करणार होतो, सांग ना? असा बघू नकोस माझ्याकडे. तुला कशाला सांगितलं मी हे...

दाखव. झाला पण? इतक्यात? आईशपथ — लोकर कशी केलीस, नखानं? आणि शिंगाचं हे आतलं वळण... मला कधी साधलं नाही. मुकादम दोघांचं काम शेजारी ठेवून बघणार.

सोड. सोड म्हणतो ना, दे इकडे! — हं. झाला चिखल. हात मागे घे, दोर आवळू दे. थुंक, थुंक हवं तर.

अहो मुकादम! न्या ह्याला. साधा मेंढासुद्धा जमत नाही. आणि रक्त भांड्यावरच्या त्या शिंगांत नीट भरा, खोल कोरलीत मी.